ग्रुपवर तीनशे, तलावावर सहा!

शनिवार, रात्रीचे साडेदहा. तुमच्या हॉबी क्लबच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या सकाळी ६ वा. छत्री तलाव. सर्वांनी वेळेवर यावे.’ पाच मिनिटांत पस्तीस-चाळीस अंगठे, डझनभर नमस्कार, चार गुलाबाची फुलं आणि मध्येच कुणीतरी ढकललेला पेट्रोलच्या भावावरचा जोक. आता रविवारी सकाळी तलावावर मोजा बरं, माणसं किती? सहा! त्यातले दोघं ऍडमिन, एक ऍडमिनचा भाऊ आणि एक काका तर रोज तिथे मॉर्निंग वॉकला येतातच.

सोमवारी ग्रुपवर ठरलेला सीन.

‘अबे, मले कोणी सांगतलंच नाही!’

‘काऊन बे, मेसेज टाकला होता न!’

‘टाकला असन बावा, पण खाली दोनशे गुड मॉर्निंग होते त्याच्या!’

ओळखीचं वाटतंय ना? अमरावती असो की अकोला, क्लब पक्षीनिरीक्षणाचा असो, ट्रेकिंगचा, सायकलिंगचा, फोटोग्राफीचा किंवा पुस्तकांच्या गप्पांचा, ही स्टोरी थोड्याफार फरकाने सगळीकडे सेम. ग्रुप फुल, कट्टा रिकामा. मग कुणीतरी वैतागून म्हणतं, ‘आजकालच्या पोरांना इंटरेस्टच नाही.’ बॉस, इंटरेस्ट आहे. सोमवार ते शनिवार एसी केबिनमध्ये एक्सेल शीट भरणाऱ्या, बँकेत टार्गेटच्या मागे धावणाऱ्या, पुण्याहून बदली होऊन आलेल्या आणि शहरात एकही मित्र नसलेल्या कितीतरी जणांना रविवारी सकाळी कुठेतरी जायचंच असतं. फक्त तुमचा क्लब आहे हे त्यांना कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांना नेमकं कुठे, किती वाजता, कुणाला भेटायचं ते कळत नाही. तर या आठवड्याचा फंडा हाच : सोशल मीडिया वापरून क्लब चालवायचा कसा, आणि सोशल मीडियाने क्लब बुडू द्यायचा नाही तो कसा!

फेसबुक नव्हतं तेव्हा...

आधी थोडा फ्लॅशबॅक. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं १९१४ साली. तेव्हा ना फोन, ना पेज, ना फॉलोअर्स. तरी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या खेळाडूंनी थेट जर्मनीत जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली! आखाड्याचं साधं गणित बघा. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि तिथे गेलं की कुणीतरी असणारच याची गॅरंटी. नव्या पोराला मेसेज करावा लागत नव्हता, मित्राचा हात धरून तो यायचा.

पक्षीवेड्यांचंही तसंच. महाराष्ट्रातल्या पक्षिमित्रांचं पहिलं संमेलन १९८१ साली लोणावळ्यात भरलं. पत्रं, पोस्टकार्ड, एसटीचा प्रवास आणि कुणाच्या तरी घरी मुक्काम, यावर ती चळवळ उभी राहिली. म्हणजे निरोप पोचवण्याचं साधन साधं होतं, पण निरोप पक्का होता. आज साधन जबरदस्त आहे आणि निरोप ढिसाळ. लोचा इथेच आहे.

चुकीच्या लेबलची गोष्ट

निरोप पक्का असणं किती महत्त्वाचं, याची एक सॉलिड गोष्ट आपल्याच मातीतली आहे. मेळघाटात राहणारा रानपिंगळा तुम्हाला ठाऊक असेल. दिवसाढवळ्या फिरणारं, छोटंसं, गोल डोक्याचं घुबड. १८७३ साली त्याची शास्त्रात नोंद झाली. १८८४ नंतर मात्र त्याचा एकही खरा नमुना कुणाला मिळाला नाही. लोकांनी शोधाशोध केली, पण कुठे? तर रिचर्ड माइनर्टझागन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ‘हा मी १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवला’ असं सांगितलेल्या जागेच्या आसपास. पुढे उघड झालं, की साहेबांनी तो नमुना संग्रहालयातून चोरून त्याच्यावर स्वतःचं खोटं लेबल लावलं होतं!

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या अभ्यासकांनी हे बिंग फोडलं. मग जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या जागांचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ऍबट भारतात आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या जंगलात पिंगळा समोर बसलेला! तब्बल ११३ वर्षांनी. त्यानंतरच्या पाहण्यांमध्ये तो मेळघाटातही सापडला आणि वऱ्हाडाची मान ताठ झाली.

म्हणजे खोट्या ‘लोकेशन’चं एक लेबल लोकांना कित्येक वर्षं भलत्याच ठिकाणी फिरवू शकतं. आता तुमचा मेसेज आठवा, ‘उद्या सकाळी छत्री तलाव’. कुठल्या बाजूला? गेटपाशी की बांधावर? सहाला जमायचं की सहाला निघायचं? नवा माणूस पंधरा मिनिटं उभा राहतो, ओळखीचं कुणी दिसत नाही, मुकाट्याने घरी जातो. तो पुन्हा कधीच येत नाही, आणि तो आला होता हेही तुम्हाला कळत नाही!

एका मेसेजमध्ये सात गोष्टी

तेव्हा पहिला नियम. बोलावण्याच्या मेसेजमध्ये या सात गोष्टी हव्यातच : तारीख आणि वार, जमण्याची वेळ, नेमकी जागा (मॅपच्या लिंकसकट), परतायची वेळ, काय आणायचं, खर्च किती, आणि तिथे कुणाला शोधायचं. सातवी गोष्ट बहुतेक जण विसरतात. ‘निळी टोपी घातलेली मुलगी दिसेल, तिला हाक मारा’ हे एक वाक्य नवख्याची अर्धी भीती घालवतं.

नमुना हवाय? हा घ्या :

‘रविवार, सकाळी पावणेसहाला वडाळी तलाव, मेन गेटसमोर. सहाला आत. साडेआठला मोकळे. पाण्याची बाटली आणि टोपी आणा. दुर्बीण नसली तरी चालते, आमच्याजवळ दोन आहेत. फी नाही. पहिल्यांदा येत असाल तर एकटे या, मित्राला आणा, आईला आणा. उशीर झाला तर या नंबरवर फोन करा. नंतर गिला वडा आहेच!’

शेवटच्या वाक्याला हसू नका. अमरावतीत गिला वड्याच्या नावावर माणूस उठतो तसा पक्ष्याच्या नावावर उठेलच याची खात्री नाही. आणि गप्पा जमतात त्या वड्याच्या गाडीवरच.

आता टायमिंग. शनिवारी रात्री मेसेज टाकणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी पत्रिका वाटणं. नोकरी करणारा माणूस आपला वीकेंड गुरुवारपर्यंत ठरवून मोकळा होतो. म्हणून बुधवारी पूर्ण निमंत्रण, शुक्रवारी ‘येणार का?’ असा पोल, शनिवारी संध्याकाळी दोन ओळींची आठवण. बस्स, तीन मेसेज. चौथा टाकलात तर तुम्हीच त्रास झालात! आणि हो, आपल्याकडे उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. एप्रिल-मेमध्ये साडेपाचला जमून साडेसातला घरी, हे आधीच लिहा. उन्हाच्या धाकाने न येणारे अर्धे लोक येतील.

अकोला-अमरावती मार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाला आणि गिनीज बुकात गेला. म्हणजे साडेचार दिवसांत एवढा रस्ता होतो, आणि आपल्याला चार दिवस आधी एक मेसेज लिहिणं जमत नाही? कमाल आहे!

तीन दारं, तीन कामं

दुसरा लोचा म्हणजे सगळं एकाच ग्रुपवर. सूचना तिथेच, गप्पा तिथेच, फोटो तिथेच, भांडणंही तिथेच. त्यापेक्षा तीन दारं वेगळी ठेवा.

पहिलं दार सूचनांचं. व्हॉट्सऍपवर ‘फक्त ऍडमिन मेसेज टाकतील’ ही सोय २०१८ पासून आहे. ती ऑन करा. इथे महिन्याला दहा-बारा मेसेज यायला हवेत, जास्त नाहीत. मेंबरला खात्री पाहिजे की हा ग्रुप वाजला म्हणजे कामाचंच काहीतरी आहे. मग तो ग्रुप म्यूटवर टाकत नाही. ग्रुपची मर्यादा २०१६ साली २५६ होती, आता १०२४ आहे. पण ही काही भरायची टाकी नाही! ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबत असाल तर एक पक्कं लक्षात ठेवा, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला नसेल त्याला तो मेसेज पोचतच नाही. ‘मी तर सगळ्यांना पाठवला’ असं म्हणणारे सेक्रेटरी इथेच फसतात.

दुसरं दार गप्पांचं. फोटो, जोक, ‘हा कोणता पक्षी?’, ‘कोणती सायकल घेऊ?’ सगळं इथे. ज्याला हवं तो आत, ज्याला नको तो बाहेर. नो टेन्शन.

तिसरं दार नव्यांसाठी, आणि हेच बहुतेक क्लबांना नसतं! व्हॉट्सऍप ग्रुप ही बंद खोली आहे. बाहेरच्याला ती दिसतच नाही. अकोल्यात नुकतीच जॉइन झालेली एखादी मुलगी मोबाइलवर ‘अकोला ट्रेकिंग’ असं शोधेल, तेव्हा तिला काहीतरी सापडायला हवं. त्यासाठी इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर एक उघडं पान. त्यावर शहराचं नाव स्पष्ट, क्लब काय करतो ते एका ओळीत, पुढची भेट कधी ते सगळ्यात वर, आणि संपर्काचा एक मार्ग. शेवटची पोस्ट दोन वर्षांपूर्वीची दिसली, की बघणारा समजतो क्लब संपला. म्हणून पान काढणार असाल तर पंधरा दिवसांतून एकदा तरी तिथे काहीतरी टाका. नसेल जमणार तर काढूच नका.

फोटो कोणते टाकायचे? रुबाबदार कॅमेऱ्याने टिपलेला एकटा पक्षी सुंदर दिसतो, मान्य. पण नवा माणूस त्यात स्वतःला शोधत असतो. चिखलाने भरलेले बूट, नरनाळ्याच्या महाकाली दरवाजासमोर दमून बसलेली टोळी, एका दुर्बिणीवर तुटून पडलेले चौघं, असा फोटो बघितला की वाटतं, ‘अरे, हे तर आपल्यासारखेच आहेत!’ फक्त फोटोतल्या माणसांना विचारून टाका. ऑफिसात आजारी असल्याचा फोन करून गाविलगडावर आलेला एखादा असतोच!

‘मी एकटी येऊ का?’

आता थोडं सीरियस बोलू. नव्याने येणाऱ्याच्या, विशेषतः मुलींच्या मनात तीन प्रश्न असतात. मला काही येत नाही, हसतील का? तिथे माझ्यासारखं कुणी असेल का? आणि माझा नंबर कुठे कुठे जाईल?

तिसरा प्रश्न ऍडमिन मंडळी फार हलक्यात घेतात. साध्या ग्रुपमध्ये टाकलं की तुमचा नंबर तीनशे अनोळखी लोकांच्या हातात पडतो. मग रात्री अकराला ‘हाय, ग्रुपवर पाहिलं तुम्हाला’ सुरू. मुलगी गुपचूप ग्रुप सोडते, आणि आपण म्हणतो, ‘मुली टिकत नाहीत बुवा.’ यावर उपाय आहेत. आपल्याला कोण ग्रुपमध्ये घेऊ शकेल हे ठरवायची सेटिंग २०१९ पासून प्रत्येकाच्या हातात आहे. तरी क्लबने विचारल्याशिवाय कुणालाही ऍड करूच नये. लिंक पाठवा, यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. व्हॉट्सऍपचं चॅनल २०२३ पासून आपल्याकडे सुरू आहे. त्यात फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. कम्युनिटीच्या सूचना ग्रुपमध्येही मेंबरांचे नंबर सगळ्यांसमोर उघडे पडत नाहीत. नव्यांना सुरुवातीला तिथेच ठेवा. दोन-तीन भेटी होऊ द्या, मग गप्पांच्या ग्रुपमध्ये यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा.

आणि ऍडमिनमध्ये एक तरी बाई हवी. कुणी आगाऊपणा केला तर तक्रार कुणाकडे करायची, ते सगळ्यांना आधीच माहीत हवं. पहिली तक्रार ‘जाऊ दे ना, मस्करी केली असेल’ म्हणून उडवलीत, की दुसरी तक्रार येणारच नाही. माणसं जातील.

ऍडमिन साहेब, तुमचंही ऐका

‘ग्रुपवर कुणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस मलाच उचलतील का?’ हा ऍडमिन लोकांचा लाडका प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं, की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ऍडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. त्यामागे दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसला पाहिजे. तेव्हा घाबरून ग्रुप बंद करू नका.

पण याचा अर्थ डोळे मिटून बसा असाही नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेपायी जमावाने पाच निरपराध माणसं मारली. मोबाइलवरून फिरणाऱ्या अशाच अफवांनी त्या वर्षी देशात ठिकठिकाणी जीव घेतले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सऍपने भारतात एका वेळी पाच चॅटपेक्षा जास्त ठिकाणी फॉरवर्ड करण्यावर बंदी आणली. पक्ष्यांच्या ग्रुपवर आलेली अफवाही अफवाच असते. ‘विषयाशी संबंध नाही, खरं आहे की नाही ठाऊक नाही, ते टाकायचं नाही’ असा एक नियम पिन करून ठेवा. मोडणाऱ्याला आधी खासगीत सांगा. चारचौघांत पाणउतारा केलात तर तो जाईलच, जाताना चौघांना घेऊन जाईल. आपल्याकडे माणूस रुसला की लवकर मानत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू!

सगळंच सांगायचं नसतं

एक गोष्ट मात्र ‘जास्तीत जास्त शेअर करा’च्या उलटी आहे. रानपिंगळ्याकडे पुन्हा जाऊ. जागतिक यादीत हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ होता, २०१८ साली तो ‘संकटग्रस्त’ गटात आला. म्हणजे अजूनही त्याची संख्या थोडीच. समजा तुमच्या मेंबरला त्याचं घरटं दिसलं आणि उत्साहाच्या भरात त्याने झाडाच्या लोकेशनसकट फोटो टाकला. पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या, वीस कॅमेरे आणि स्पीकरवर वाजवलेला पक्ष्याचा आवाज! त्या आवाजाला शत्रू समजून पक्षी घरटं सोडून भांडायला येतो, पिल्लं उपाशी. लाइक मिळाले दोनशे, नुकसान कुणाचं?

जगभरचे पक्षीनिरीक्षक ज्यावर नोंदी करतात ते ई-बर्ड २००२ पासून चालू आहे. तिथेही संवेदनशील पक्ष्यांचा नेमका ठिकाणा सगळ्यांना दाखवला जात नाही. मग आपणही साधा नियम करू : घरटं, पिल्लं आणि दुर्मिळ पक्षी यांचं लोकेशन ग्रुपवर नाही. ‘मेळघाट’ एवढं पुरे. फोटोही आठवड्याने टाकला तर काय बिघडतं? ट्रेकर मंडळींनो, तुमच्यासाठीही हेच. नरनाळा काय किंवा काटेपूर्णा काय, ही अभयारण्यं आहेत. तिथे वनविभागाचे नियम आणि परवानग्या लागतात. ‘आडवाटेने फुकट घुसलो’ असा रील टाकलात, तर व्ह्यूज तुम्हाला मिळतील आणि पुढच्या वेळी दार सगळ्यांना बंद होईल.

निमित्त शोधा, मग तारीख पाळा

नवे लोक ‘दर महिन्याची सभा’ असं वाचून येत नाहीत. त्यांना निमित्त लागतं. आणि निमित्तांना आपल्याकडे काय तोटा! मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. हा आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. भारतात तो २०१३ पासून होतोय. त्यात फक्त पंधरा मिनिटं घराच्या गच्चीतून पक्षी मोजले तरी चालतं. नवख्यासाठी याहून सोपं काय असणार? आणि या मोजणीचा उपयोगही होतो बरं. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा लेखाजोखा मांडला गेला, तो तीस हजारांहून जास्त हौशी लोकांनी केलेल्या नोंदींवर. तुमच्या गच्चीतल्या साळुंकीसुद्धा त्यात असू शकतात! गड चढणाऱ्यांसाठी १५ डिसेंबर. १८०३ साली याच दिवशी गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला. चिखलदऱ्याची थंडी, गडाची गोष्ट आणि वर गरम चहा, पोस्टर आपोआप तयार.

पण निमित्ताने आलेली गर्दी टिकवायची कशी? अकोल्याच्या मोर्णा नदीचं उदाहरण बघा. १३ जानेवारी २०१८ ला नदी साफ करायला सहा हजारांवर लोक उतरले, शंभरावर संस्था आल्या, आणि पंतप्रधानांनी त्याच महिन्यात ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. पण यात मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे : पुढे दर शनिवारी पुन्हा जमायचं, असं तिथे ठरलं होतं. ‘परत कधी?’ या प्रश्नाला पहिल्याच दिवशी उत्तर तयार! तुमच्या कार्यक्रमाला पन्नास आले, तर त्यांनी घरी जाण्याआधी पुढची तारीख ऐकलेली असली पाहिजे. ‘ग्रुपवर कळवू’ म्हणालात की संपलं. महिन्याचा दुसरा रविवार म्हणजे दुसरा रविवार. पाऊस असो, मॅच असो, तीनच जण येवोत.

आणि दोन शहरांच्या क्लबांनी वर्षातून एकदा मूर्तिजापूरला भेटायला काय हरकत आहे? दोन्हीकडून मधला स्टॉप, भांडण नको!

वहीसुद्धा ठेवा

शेवटचा मुद्दा ओल्ड फॅशन्ड वाटेल. ऑर्कुट आठवतं? २००४ साली आलं, आपल्या पिढीने तिथे कम्युनिट्या काढल्या, ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद. याहू ग्रुप्सवर देशभरचे छंदिष्ट वर्षानुवर्षं बोलत होते, ते २०२० च्या डिसेंबरात गेलं. गुगल प्लस २०१९ मध्येच गेलं होतं. प्रत्येक वेळी काही क्लब नव्या जागी गेले आणि काही हवेत विरले. फरक एवढाच, की काहींजवळ मेंबरांची स्वतःची यादी होती आणि काहींजवळ फक्त पासवर्ड, तोही एका माणसाकडे! म्हणून नाव, नंबर आणि काय आवडतं, एवढं एका वहीत किंवा शीटमध्ये ठेवा. विचारून लिहा, जपून ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. ऍडमिन किमान तिघं हवेत. एकाची बदली झाली, दुसऱ्याचं लग्न ठरलं, तरी तिसरा असतो.

आणि त्याच वहीत दर भेटीनंतर तीन आकडे लिहा. आले किती, त्यात नवे किती, मागचे नवे परत आले किती. नव्यांना एवढंच विचारा, ‘तुम्हाला कुठून कळलं?’ सहा महिन्यांत तुम्हालाच दिसेल रील चालतं, पोस्टर चालतं की ऑफिसातल्या मैत्रिणीने ओढून आणणं चालतं. लाइक मोजायचे असतील तर खुशाल मोजा, पण ते दुर्बीण धरायला येत नाहीत. परत येणाऱ्यांचा आकडा वाढत नसेल तर सोशल मीडियाला दोष देऊ नका. त्या सकाळी नव्या माणसाशी कोण बोललं, ते आधी तपासा.

या आठवड्याचा होमवर्क :

१. ग्रुपच्या सेटिंगमध्ये जा, सूचना आणि गप्पा वेगळ्या करा.

२. उघड्या पानावर पुढच्या भेटीची तारीख सगळ्यात वर आणा.

३. विचारल्याशिवाय ऍड केलेल्यांना ‘राहायचं का?’ असं विचारा. जे जातील त्यांना जाऊ द्या.

४. दर भेटीला नव्यांची जबाबदारी एका जुन्या मेंबरवर टाका. नाव विचारायचं, सोबत चालायचं, वड्याच्या गाडीपर्यंत एकटं सोडायचं नाही.

५. जे तीन महिन्यांत दिसले नाहीत त्यातल्या पाच जणांना फोन लावा. मेसेज नाही, फोन! ‘काऊन गड्या, दिसून नाही रायला?’ एवढं पुरतं.

एखाद्याला वाटतं आपण नसलो तरी कुणाला फरक पडत नाही. तो फोन आला, की पुढच्या रविवारी अलार्मच्या आधी उठतो पठ्ठ्या.

चला तर मग, बुधवार जवळ आलाय. मेसेज लिहायला घ्या!